पडद्यावरच्या तीन हाका

पहिल्या पटकथेत माझ्या मोठ्या आईच्या हातात काठी होती आणि त्या काठीने ती वाघाला सात वेळा मारत होती. प्रत्येक फटक्याला वेगळी ओळ दिली होती म्हणून मला मोजता आले. त्या प्रसंगात संवाद नव्हता. संवाद आमच्या भागातल्या बोलीत बसवून देणे एवढेच माझे काम, त्यामुळे तिथे मला करण्यासारखे काही नव्हते. मी ती दोन पाने नुसती वाचली आणि बाजूला ठेवली.

मोठी आई म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाची बायको. ती कुरखेड्याकडच्या एका खेड्यात राहते. बाबा माजरीला कोळसा खाणीत नोकरीला होते, त्यामुळे मी वसाहतीत वाढले आणि इंग्रजी शाळेत शिकले. सुट्टीत गावी गेले की मला सगळे कळायचे, पण तोंडातून 'मला' आणि 'तुला'च निघायचे. चुलत बहिणी हसायच्या, म्हणून मी कमी बोलायला लागले आणि पुढे तीच सवय झाली. सिनेमावाल्यांनी बोलीसाठी मला घेतले हे कळल्यावर मोठी आई सूप पाखडता पाखडता थांबली.

"तू बोली शिकवून राह्यली? तुले तं सोताले 'मले' म्हनता येत नाई."

"लिहिता येतं," मी म्हणाले.

"लिवता येते तं तोंडात काऊन येत नाई मंग?"

तिने पाखडणे पुन्हा सुरू केले. तिला राग नव्हता. ती सगळ्यांशी अशीच बोलते.

सिनेमा तिच्या शेजारणीवर होता. चार वर्षांपूर्वी मोहफुलांच्या हंगामात दोघी पहाटे फुले वेचायला जंगलात गेल्या होत्या आणि शेजारीण परत आली नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली, की मैत्रिणीने काठी घेऊन वाघाशी झुंज दिली, पण तिला वाचवता आले नाही. शेजारणीची मुलगी तेव्हा तेरा वर्षांची होती. तिने ते कात्रण कुरखेड्याहून लॅमिनेट करून आणले आणि घरात देवांच्या फोटोंशेजारी लावले. आपली आई शेवटच्या क्षणी एकटी नव्हती, काकू तिच्यासाठी लढली, या एका गोष्टीवर ती मुलगी उभी राहिली असे मला नेहमी वाटायचे. ती आता बारावीला आहे. घरी आजी आहे, पण जेवायला ती निम्म्या वेळा मोठ्या आईकडेच यायची, विचारून नाही, सरळ येऊन ताट घ्यायची.

खऱ्या दुर्घटनांवरचे सिनेमे मी चंद्रपूरच्या वसतिगृहात मैत्रिणींबरोबर मोबाईलवर पुष्कळ पाहिले आहेत. शेवटी पडदा काळा होतो आणि खऱ्या माणसांचे फोटो येतात, तिथे बाकीच्या मुली उठून जायच्या. मी थांबायचे. खरी माणसे नटांपेक्षा नेहमी लहान दिसतात. ओळखपत्रासाठी बसल्यासारखी ताठ बघत असतात. यांनी हा सिनेमा पाहिला असेल का, कुठल्या रांगेत बसून पाहिला असेल, आपल्या जागी दुसरेच कोणी रडताना बघून त्यांना काय झाले असेल, हे मला कोणाला विचारता आले नव्हते. म्हणूनच मी हे काम घेतले असावे.

दिग्दर्शक पहिल्यांदा घरी आले तेव्हा खाट दिली तरी खाली पोत्यावर बसले. कोरा चहा प्यायले. प्रश्न फार विचारले नाहीत.

"त्या दिवशी काय झालं, सांगावंसं वाटलं तर सांगा, ताई," ते म्हणाले.

"पेपरात आलं हाये ना. थेच."

ते आणखी दोनदा आले. दोन्ही वेळा तिने हेच वाक्य, याच शब्दांत सांगितले. मला ते खटकले होते. दुःख असलेली माणसे तीच गोष्ट पुन्हा सांगताना कुठेतरी शब्द बदलतात. पण मी ते कोणाला बोलून दाखवले नाही.

शूटिंग पौषात सुरू झाले. मोहाला फुले येतात चैत्राच्या सुमारास, त्यामुळे कलाविभागाच्या माणसाने बाजारातून वाळलेल्या फुलांची पोती आणली, ती पाण्यात भिजवून फुगवली आणि झाडाखाली पसरली. गर्दीत उभ्या राहण्यासाठी गावातल्या बाया बोलावल्या होत्या. त्या बघायला आल्या आणि आंबलेल्या वासाने नाकाला पदर लावून उभ्या राहिल्या.

"भाऊ, हे वेचाचे हाये का गाळाचे हाये?" एकीने विचारले.

"आनखी दोन दिस ठेवा," दुसरी म्हणाली, "पिच्चर आपोआप डोलाले लागन."

तो बिचारा ओशाळला. मग त्या बायांनीच पदर खोचून ती फुले परत गोळा केली आणि नीट पसरून दिली. फुले बुंध्याशी कमी पडतात, फांद्यांच्या टोकाखाली जास्त, आणि वेचणारी आधी खालचा पाला झाडून जाळते त्यामुळे जमीन काळी दिसली पाहिजे. त्याने निमूटपणे सगळी जमीन काळी करून घेतली. दिग्दर्शक लांब उभे राहून हे बघत होते आणि त्यांनी त्या दिवशीचे वेळापत्रक सरळ रद्द केले. हा माणूस बरा आहे असे मला पहिल्यांदा तेव्हा वाटले.

फुले वेचायची एक रीत आहे. वेचणारी बाई वाकलेली असते, तिला आजूबाजूचे दिसत नाही. म्हणून जी कंबर सरळ करायला उभी राहील तिने 'हूऽ' अशी हाक द्यायची आणि पलीकडच्या झाडाखालच्या बाईने तशीच ओ द्यायची. जावांचे भांडण असो, वर्षभराचा अबोला असो, जंगलात हाकेला ओ द्यावीच लागते. अबोला माणसाशी धरायचा, हाकेशी नाही, असे म्हाताऱ्या बाया पोरींना पहिल्याच हंगामात सांगतात. दिग्दर्शकांना ही रीत फार आवडली. दोन मैत्रिणींच्या हाका एकमेकींना मिळत जातात आणि मधेच एक हाक तुटते, असा प्रसंग त्यांनी लिहिला. त्या हाका नटींच्या नकोत, खऱ्या वेचणाऱ्या बायांच्या आवाजात रेकॉर्ड करू, असे साउंडच्या माणसाने सुचवले.

मोठ्या आईला विचारले. ती नको म्हणाली. मग शेजारणीची मुलगी पुढे आली.

"आईची हाक मले येते. आजी म्हनते हुबेहूब हाये. काकू, तू फक्त ओ दे ना."

तिला नाही म्हणणे मोठ्या आईला जमत नाही.

गावाच्या कडेला मोहाची दोन झाडे आहेत. मधे चाळीसेक पावलांचे अंतर आणि त्यात रायमुनियाची दाट झुडपे. सकाळचे दहा वाजले असतील. मुलगी पलीकडच्या झाडाखाली गेली, मोठी आई टोपली घेऊन अलीकडच्या. मी तिच्याजवळ उभी होते. साउंडच्या माणसाने कानांवर हेडफोन चढवले, लांब माईक पुढे केला आणि हात वर केला.

"हूऽऽ."

हाक खरोखर तिच्या आईची होती. सुट्टीत ऐकलेली, शेवटी थोडी वर जाणारी. साउंडच्या माणसाने मोठ्या आईकडे बोट केले. मोठी आई गप्प.

त्याला वाटले तिला ऐकू आले नाही. त्याने पलीकडे पुन्हा हात केला.

"हूऽऽ."

मोठ्या आईने टोपली कमरेवरून पोटाशी घेतली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली. तिसरी हाक आली, त्यात आता प्रश्न होता. आणि मग झुडपे खसखसली. काकूला काय झाले हे बघायला मुलगी मधूनच यायला निघाली होती.

"हूऽऽ," मोठी आई ओरडली. "हूऽऽ. थांब. तिथीच थांब. येऊ नोको इकडं."

टोपली टाकून ती स्वतःच झुडपांत शिरली. काटे लागत होते तरी थांबली नाही. मधेच तिने मुलीचे दोन्ही दंड घट्ट धरले. मी मागून गेले. साउंडचा माणूसही आला, काय करावे हे न सुचून माईक तसाच हातात धरून.

"तुई माय मले तीनदा हाक देल्ली," मोठी आई म्हणाली. "मी ओ नाई देल्ली."

"काऊन?"

"अबोला होता."

"कायचा?"

"फुलाचा."

पुढचे तिने तुटक तुटक सांगितले. दोघींच्या झाडांच्या फांद्या मधे मिळत होत्या. त्या मधल्या जागेतला पाला एका संध्याकाळी मोठ्या आईने झाडला, जाळला, आणि सकाळी फुले मात्र शेजारणीने उचलली. एवढेच. दुसऱ्या दिवशी दोघी नेहमीसारख्या बरोबर निघाल्या, पण वाटेत बोलल्या नाहीत. पहिली हाक आली तेव्हा मोठ्या आईने मुद्दाम ओ दिली नाही. दुसरीलाही नाही. तिसरी हाक जवळून आली.

"थे मले पाहाले येऊन राह्यली होती. मले काई झालं का म्हनून. मधातूनच आली. वाघ तिथीच होता."

"आन काठी?"

"काठी उचलली मी. मंग पळाली. बाकीच्या बायायले आनाले पळाली. मारली नाई एक बी. पेपरवाल्यानं हातात काठी पाह्यली, त्यानं लिवलं. खोटं हाये म्हून मी म्हनली नाई."

मुलीने तिचे हात एकेक करून दंडावरून काढले. झटकले नाहीत. मग ती वळली आणि गावाकडे चालायला लागली. ती रडत नव्हती. मोठी आई तिच्यामागे गेली नाही.

रेकॉर्डिंगच्या मशीनवरचा लाल दिवा चालूच होता. दिग्दर्शक आले, साउंडच्या माणसाने त्यांना हलक्या आवाजात सांगितले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते. या माणसाला आता कसा प्रसंग मिळाला आहे हे मलाही कळत होते, आणि तो आनंद त्यांच्या डोळ्यांत कुठे दिसतो का हे मी शोधत होते. असे बघण्याची मला सवय आहे. ती चांगली सवय आहे असे नाही. त्यांनी मशीनमधून नखाएवढे कार्ड काढायला लावले आणि ते मोठ्या आईच्या हातावर ठेवले.

"हे तुमचं, ताई. आमच्याकडे याची दुसरी प्रत नाही."

"मी काय करू याचं?"

"ठेवा. टाकावंसं वाटलं तर टाका. तुम्ही म्हणाल तर जुना प्रसंग आहे तसाच ठेवू. काठीसकट."

"इचारून सांगतो," मोठी आई म्हणाली. कोणाला, हे त्यांनी विचारले नाही.

पुढचा आठवडा युनिटने दुसरे प्रसंग उरकले. ती मुलगी जेवायला आली नाही. तिच्या घरात लावलेले कात्रण उतरले आहे, हे मला तिच्या आजीकडून कळले. मोठी आई शेतावर जात होती, स्वयंपाक करत होती, माझ्याशी पूर्वीपेक्षाही कमी बोलत होती. चार वर्षे जे कोणाला कळले नव्हते ते तिने स्वतःहून सांगितले, तेही ज्या एका व्यक्तीला कळू नये असे वाटत असेल तिलाच. मला इतके दिवस भित्रेपणा आणि गप्प राहणे एकच वाटत होते. आता तिच्याकडे बघताना ते वेगळे दिसायला लागले.

"मी बोलावून आणू का तिला?" एकदा मी विचारले.

"नोको. बोलावल्यानं आली तं थे येनं नोय."

नवव्या दिवशी दुपारी ती आली. कॉलेजची बॅग पाठीवरच होती. आत आली नाही, उंबऱ्यावर बसली. मोठी आई लाखोरीची डाळ निवडत होती, ती निवडतच राहिली.

"तिसरी हाक कशी होती?" मुलीने विचारले. "रागाची होती का?"

"नाई. भ्यालेली होती. माह्यासाठी भ्यालेली."

मी आत चुलीपाशी उभी होते आणि बाहेर जावे की नाही हे मला ठरवता येत नव्हते.

"मंग थेच दाखवा म्हना त्यायले," मुलगी म्हणाली.

"लोकं मले बोलतीन. थे बोलू दे. पन तुले चालन?"

"मले मालूम नाई," मुलगी म्हणाली. "पन आई तुले पाहाले गेली होती, थे कोनालेच मालूम नोतं. तुई काठीच मालूम होती सगळ्यायले."

मोठ्या आईने डाळीतून हात काढला. आत जाऊन ट्रंकेतून फडक्यात बांधलेले ते कार्ड आणले आणि तिच्यासमोर ठेवले. मुलगी ते घेऊन निघाली. जेवून जा असे कोणी म्हटले नाही, आणि ती जेवली नाही. युनिट शाळेच्या पटांगणात होते. तिने कार्ड दिग्दर्शकांना दिले आणि हाकांचा आवाज माझाच ठेवा, एवढे सांगितले.

त्या संध्याकाळी दिग्दर्शकांनी काठीची ती दोन पाने काढून टाकली. मोठ्या आईचे काम करणारी नटी झाडीपट्टीच्या नाटकांत वर्षानुवर्षे काम केलेली, मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणारी बाई. काठी फिरवायला ती पंधरा दिवस शिकली होती. मला वाटले ती चिडेल. दिग्दर्शक फोनवर कोणाला तरी समजावत होते, "नाही, ती मारत नाही. नाही, वाघही दिसत नाही. हो, मला माहीत आहे." नटी मात्र सरळ मोठ्या आईकडे गेली आणि तिच्यासमोर बसली.

"बाई, एकच सांगा. तवा मनात का होतं तुमच्या?"

मोठ्या आईने खाली बघितले.

"हसू होतं," ती म्हणाली. "ये म्हनलं आता मनवाले. काल फुलं नेताना बरी गोड लागली."

नटीने मान हलवली.

प्रसंग चित्रित झाला तेव्हा मी मॉनिटरच्या मागे होते. पलीकडून हाक येते. नटी वाकलेलीच राहते, फूल उचलते, टोपलीत टाकते. दुसऱ्या हाकेला तिच्या गालात अगदी थोडेसे हसू येते, लहान पोरीसारखे, जिंकल्यासारखे. तिसऱ्या हाकेलाही ते हसू तसेच असते. पुढे काय झाले हे ती बाई अभिनयातून कुठेही आधी कळू देत नाही. वाघाशी लढणारी बाई प्रेक्षकांनी डोक्यावर घेतली असती. हे हसू पडद्यावर मोठे करून दाखवायला जी हिंमत लागते ती मला त्या काठीत दिसली नव्हती. दिग्दर्शकांनी 'कट' म्हटल्यावरही ती फूल हातात धरून बराच वेळ वाकलेलीच होती.

सिनेमा तयार झाल्यावर पहिला खेळ गावासाठी ठेवला, तालुक्याच्या सभागृहात, दुपारी. दोन गाड्या भरून लोक गेले. मोठी आई मधल्या रांगेत बसली होती आणि ती मुलगी तिच्या आजीबरोबर दोन रांगा पुढे. माझी नजर पडद्यापेक्षा त्या दोन रांगांवरच जास्त होती. तिसरी हाक आली तेव्हा मागून एका म्हातारीने सवयीने "हूऽ" अशी ओ दिली. बाजूला बसलेल्या बाईने तिला कोपर मारले. कोणी हसले नाही. मुलीने आजीचा हात धरला होता. तिने मागे वळून पाहिले नाही.

शेवटी खरा फोटो आला, शेजारणीचा, आधारकार्डासाठी काढलेला. खाली एकच ओळ होती: ती मैत्रिणीला बघायला निघाली होती. मी तिथे बसलेल्यांपैकी कोणाकडेच बघू शकले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोठ्या आईबरोबर सार्वजनिक नळावर गेले. रांग होती. ती मुलगी पुढे पाण्याचा गुंड भरत होती. आम्ही आल्यावर बोलणे थांबले, मग एक बाई नळाकडे बघतच म्हणाली,

"चार वरस काठी मिरवली ना माय लोकायनं. आता मालूम पडलं, काठी बी नोती आन ओ बी नोती."

दोघीतिघींनी पदरात हसून घेतले. मोठी आई गुंड घेऊन तशीच उभी राहिली. हे होणार हे तिला ठाऊक होते. मला उत्तर सुचत होते, नीट वाक्यात, शुद्ध मराठीत, आणि नेहमीप्रमाणे ते तोंडातून निघाले नाही.

मुलीने आपला भरलेला गुंड बाजूला केला.

"काकूनं मले पयले सांगतलं, मावशी," ती म्हणाली. "तुमाले पिच्चरनं सांगतलं."

मुलीने मोठ्या आईच्या हातातला रिकामा गुंड घेतला आणि रांग मोडून नळाखाली लावला.